विसरणाऱ्या माणसाला घरी मदत कशी करावी

वय झालेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या माणसाला मदत करण्यापूर्वी त्याची नेमकी कोणती स्मृती अडते आहे हे पाहावे, कारण मेंदूत स्मृतीच्या व्यवस्था अनेक असतात. १९५३ साली अपस्मारावरील शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या प्रसंगांची नोंद करणाऱ्या अवयवाचा, बराच भाग काढला गेला आणि नवे प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनासे झाले. तरीही आरशात पाहून आकृती गिरवण्यात त्यांचा हात सरावाने बसत गेला, आदल्या दिवशीचा सराव मात्र त्यांना आठवत नसे.

दादरहून ठाण्याला मध्य रेल्वेनेच जायचे हे आजोबांना पक्के ठाऊक असते, पण काल घरी कोण आले होते ते सांगता येत नाही. अशा वेळी थोडा धागा देऊन पाहावे. नावाचे पहिले अक्षर सांगताच आठवत असेल, तर नोंद झालेली आहे, ती सापडायला वेळ लागतो, आणि वाढत्या वयात हे बहुधा स्वाभाविक असते. धागा देऊनही प्रसंग कोराच राहत असेल आणि असे वारंवार घडत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे. बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि श्रवण यांचीही तपासणी करून घ्यावी.

अपघातात मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग कवटीच्या आतील खडबडीत हाडावर आपटतो. त्यामुळे पुष्कळदा लक्षच टिकत नाही आणि सांगितलेले मुळात नोंदले जात नाही. म्हणून टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट सांगावी.

‘ओळखा पाहू मी कोण?’ ही आपल्याकडच्या पाहुण्यांची हौस येथे आवरावी. नोंदच कच्ची असलेल्या माणसाने अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तर त्याच्या मनात रुजू शकते. त्यापेक्षा बरोबर उत्तर आधी आपणच सांगावे, अर्ध्या मिनिटाने विचारावे, मग एक, दोन, चार मिनिटांनी, आणि चुकल्यास लगेच उत्तर देऊन मागच्या अंतरावर यावे. किल्ली, गोळ्या, लोकलचा पास यांची जागा कधीही बदलू नये, म्हणजे सवयीची स्मृती कामी येते.

पावसाळ्यात ओल्या फलाटावर वृद्ध माणूस घसरला, तर पुढील काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे, कारण कवटीखाली रक्त हळूहळू साकळू शकते; रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका वाढतो. डोकेदुखी, गुंगी, चालताना तोल जाणे किंवा नव्याने गोंधळणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.