फुटबॉलच्या गावात रग्बी सुरू करताना

गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावरच्या मैदानात रग्बीचा चेंडू ठेवून बघा. पहिल्याच मिनिटाला कोणीतरी त्याला लाथ मारणार, चेंडू भलत्याच दिशेला उसळून कुंपणापलीकडे जाणार आणि सगळे हसणार. इथली पोरे चालायला शिकतात तीच चेंडूमागे, त्यामुळे यात नवल नाही. अशा ठिकाणी रग्बी शिकवायला घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी: फुटबॉलशी झुंजायचे नाही. मुले, मैदान आणि मोकळे दिवस हे सगळे फुटबॉलकडून उसने घ्यायचे आणि ठरल्या वेळी परत करायचे.

आयर्लंडमध्ये नेमके हेच झाले. तिथला रग्बी आज टीव्हीवर फार मोठा दिसतो, पण खेळणाऱ्यांची संख्या मोजली तर तो गेलिक फुटबॉल (चेंडू हातानेही खेळायचा आयर्लंडचा स्वतःचा खेळ) आणि सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, या दोघांच्याही मागे आहे. रग्बीची संघटना १८७९ची आणि गेलिक खेळांची १८८४ची. गेलिक संघटनेच्या सभासदाला रग्बी, सॉकर, क्रिकेट, हॉकी हे 'परके' खेळ खेळायलाच काय, बघायलाही बंदी होती. ती उठली १९७१ साली. पुढे रग्बीचे लॅन्सडाउन रोड मैदान नव्याने बांधायला काढले तेव्हा गेलिकवाल्यांनी डब्लिनमधले आपले ८२ हजारांचे क्रोक पार्क रग्बीला वापरू दिले. २४ फेब्रुवारी २००७ला आयर्लंडने तिथेच इंग्लंडला ४३-१३ असे हरवले. म्हणजे या खेळाचा एक गाजलेला दिवस शेजाऱ्याच्या मैदानावर उजाडला.

वाढीची बाकीची कारणेही अशीच, रिकाम्या जागेत शिरण्याची. गेलिक फुटबॉल दुसरा कुठलाच देश त्या ताकदीने खेळत नाही, मग देश म्हणून मिरवणार कोणासमोर? सॉकरमध्ये बेटाचे दोन संघ, आणि त्यातला दक्षिणेतल्या आयर्लंड रिपब्लिकचा संघ २००६ ते २०२२ या पाच विश्वचषकांत एकदाही पोचला नाही. रग्बीत मात्र उत्तर-दक्षिण मिळून एकच संघ. सिक्स नेशन्स या सहा युरोपीय संघांच्या वार्षिक स्पर्धेत त्याने २००९, २०१८ आणि २०२३ला ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे सगळे सामने जिंकले. २०१६ला शिकागोत न्यूझीलंडला ४०-२९ असे पहिल्यांदा हरवले, तेही १९०५पासून वाट बघून. १९९५ला खेळ व्यावसायिक झाल्यावर अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर, कॉनॉट या चार प्रांतांचे जुने संघ व्यावसायिक झाले. हे प्रांत गेलिकमुळे लोकांच्या तोंडी आधीपासूनच होते. शिवाय सिक्स नेशन्स फेब्रुवारी-मार्चमध्ये, तर गेलिकचे अंतिम सामने आता जुलैत. रॉब कर्नी लाउथ काउंटीच्या कुमार संघात गेलिक फुटबॉल खेळला आणि मग आयर्लंडचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा गडी झाला. उंच चेंडू उडी मारून झेलायचे कसब त्याला गेलिकने आयते दिले.

आता आपल्याकडचे बघू.

जागा आणि मोसम

जून ते सप्टेंबर गोव्यात मैदानाचे तळे होते आणि जे उरते ते फुटबॉलवाल्यांचे. रग्बी ऑक्टोबरअखेरपासून धरा. सरदीची, म्हणजे पावसाळी भाताची कापणी झाली की भातशेती मोकळी होते, पण शेत ठरवण्याआधी मालकाला विचारा, वायंगण (हिवाळी भात) लावणार आहे का. पाणथळ शेतांत दुसरे पीक उभे राहते आणि तुमचे मैदान महिन्याभरात चिखलाचे होते. वरच्या अंगाची कोरडी शेते चांगली. तिथे तीन गोष्टी पायाने चालून तपासा: कापणीनंतरची धसकटे, सुकलेल्या मातीतल्या भेगा आणि मेरा, म्हणजे शेताचे बांध. धसकट गुडघ्याला कापते, भेगेत घोटा मुरगळतो, आणि मेर आखणीच्या आत आली तर मागे बघत धावणारा तिच्यावर हमखास आपटतो. आखणी मेरेपासून निदान ३ मीटर आत ठेवा. चिऱ्याच्या खड्यांचे लाल मैदान असेल तर तिथे टॅकल, म्हणजे धावणाऱ्याला मिठी मारून पाडणे, अजिबात नको. फक्त टॅग, म्हणजे पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी उपटायची.

किनारा उत्तम, पण ओहोटी बघून. पाणी ओसरल्यावर मागे राहणारी ओली, घट्ट वाळू धावायला चांगली, वरची सुकी वाळू पडायला चांगली. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक एवढाच वेळ हाताशी धरा. पर्यटक आणि होड्यांच्या दोऱ्या यांच्यापासून दूर जागा घ्या. पावसाळ्यात किनारा वर्ज्य.

रग्बीत गुण मिळवायला चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवायचा, तो ट्राय. पूर्ण मैदान ट्राय रेषेपासून ट्राय रेषेपर्यंत १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असते. सुरुवातीला ते लागत नाही. सहा-सहांच्या खेळाला ४० बाय ३० मीटर आणि दोन्ही टोकांना ट्रायसाठी ५ मीटरची पट्टी पुरे. फुटबॉलच्या अर्ध्या मैदानात हे आरामात बसते. कोपऱ्यांवर खुणेचे कोन ठेवा, नसतील तर जुन्या चपला चालतात. करवंट्या ठेवू नका, पाय पडला की फुटतात आणि कड तळव्यात घुसते. रेषा मारायला कळीचा चुना वापरू नका. रग्बीत तोंड जमिनीला लागते, तो डोळ्यांत जातो.

चेंडू आणि टॅग

नऊ वर्षांपर्यंत ३ नंबरचा, दहा ते चौदा ४ नंबरचा, त्यावर ५ नंबरचा. मोठा चेंडू साधारण ४१० ते ४६० ग्रॅमचा आणि २८ ते ३० सेंटिमीटर लांब असतो. बारक्या पोराच्या हातात तो दिला तर ते चेंडू पोटाशी कवटाळते आणि पास द्यायचा विसरते. वीस मुलांना पाच चेंडू हवेत. दोनच असतील तर अर्धा वेळ रांगेत जातो, आणि रांगेत उभे केलेले मूल पुढच्या आठवड्यात फुटबॉलकडे परतते.

हवा फुटबॉलच्याच पंपाने आणि सुईने भरा, सुई आधी ओली करून. दाब ९.५ ते १० पीएसआय. फुटबॉलच्या सवयीने दगडासारखा फुगवला तर चेंडू बोटांवरून उडतो आणि टोकावर पडला की बेभान उसळतो. दमट हवेत हात घामाने निसरडे होतात, म्हणून गुळगुळीत नको, बारीक दाण्यांच्या रबराचा चेंडू घ्या.

टॅगचे वेल्क्रोवाले पट्टे मिळाले तर बरे, मात्र लाल माती बसली की वेल्क्रो पकड सोडतो. जुन्या टूथब्रशने घासून काढा. नाहीतर कापडाच्या ४० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. दोन्ही कमरांना एकेक, १० सेंटिमीटर चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचलेली, बाकीची लोंबती. शर्ट आत खोचायला लावा. कोणीतरी पट्टीला आतून गाठ मारणारच. खेळ सुरू होण्यापूर्वी स्वतः एकेक ओढून बघा.

पहिले चार आठवडे: पाय बंद, हात सुरू

पहिला महिना चेंडूला लाथ मारायची नाही. नियम कडक वाटतो, पण त्यावाचून गोव्यातले पोर हाताने खेळायला शिकत नाही.

खरी अडचण मात्र पायांत नाही, डोक्यात आहे. फुटबॉलमध्ये साथीदार चेंडूच्या पुढे धावतो आणि मोकळ्या जागेत पास मागतो. रग्बीत हाताने पुढे पास देता येत नाही, म्हणून साथ मागून द्यायची. चांगला फुटबॉलपटू इथे जास्त चुकतो, कारण पुढची जागा त्यालाच आधी दिसते. त्याला ओरडून थांबवण्यापेक्षा एकच शब्द ठरवून द्या आणि तो मुलांनाच एकमेकांना ओरडू द्या. वाड्यावरच्या कोंकणीत "फाटीं राव!" (मागे राहा) म्हटले की सगळ्यांना कळते.

पास असा शिकवा. चेंडूच्या दोन्ही बाजूंना बोटे पसरून धरा, तळवा टेकवू नका. डावीकडे पास द्यायचा तर चेंडू उजव्या कमरेजवळून निघतो, दोन्ही हात छातीपुढून झोक्यासारखे जातात आणि शेवटी दहाही बोटे घेणाऱ्याकडे रोखलेली राहतात. चेंडू घेणाऱ्याच्या छातीच्या उंचीला आणि त्याच्या एक पाऊल पुढे पडावा, म्हणजे त्याची धाव मोडत नाही. घेणाऱ्याने हात आधीच वर आणून चेंडूकडे वळवलेले असावेत. आधी ३ मीटरवर, जागेवर उभे राहून वीस पास. मग चालत, मग धावत ५ मीटरवर. चेंडू वर उडत असेल तर कोपर अंगाला चिकटलेले असते. पुढे जात असेल तर देणारा फक्त मान वळवतो, खांदे वळवत नाही.

त्यानंतर चौघांची रांग लावा. २० मीटर अंतरात प्रत्येकजण शेजाऱ्याच्या दोन पावले मागे, भात लावताना सरी तिरकी जावी तशी. चेंडू या टोकाहून त्या टोकाला आणि परत. शेवटचा गडी नेहमी पुढे निसटतो. त्याला सुरुवातच पाच पावले मागून करायला लावा.

सगळ्यात जास्त वेळ दोघांविरुद्ध एक या खेळाला द्या. १५ बाय १० मीटरची चौकट, दोन चढाईवाले, एक राखणारा. चेंडूवाल्याने थेट राखणाऱ्याच्या अंगावर धावायचे, तो आपल्याकडे वळला की दोन मीटरवरून पास. मुले घाबरून पाच-सहा मीटरवरच पास देतात. मग राखणारा सरळ दुसऱ्याकडे सरकतो आणि दोघे असूनही कोणी सुटत नाही. राखणाऱ्याचे पाय कुठे रोखलेत ते बघायला सांगा. पाय तुमच्याकडे वळले की पास, वळले नाहीत तर स्वतःच पळा.

शेवटची पंचवीस मिनिटे खेळ. टॅग उपटणाऱ्याने तो हातात उंच धरून "टॅग!" ओरडायचे, चेंडूवाल्याने तीन पावलांत पास द्यायचा, मग उपटलेला टॅग परत त्याच्या हातात. जमिनीवर फेकायचा नाही, त्यावरून भांडणे होतात. सहा टॅगनंतर चेंडू समोरच्यांचा. ट्रायला चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकवावा लागतो, नुसते ओलांडून चालत नाही. हे मुले पहिल्या दिवशी चारदा विसरतात. मुलगे-मुली एकत्र खेळवा. आयर्लंडमध्येही उन्हाळ्यातल्या मिश्र टॅग लीगमुळे असे कितीतरी लोक मैदानावर आले, जे कधी टॅकलच्या वाटेला गेले नसते.

पाचव्या आठवड्यात पाय सोडा. आता गोव्याच्या पोरांचा फायदा दिसतो. हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकून उसळताक्षणी मारायचा, हा ड्रॉप किक. रग्बीत खेळ यानेच सुरू होतो आणि चेंडू १० मीटर पुढे जावा लागतो. चेंडू उभा, किंचित मागे झुकलेला सोडा. आडवा सोडला की उसळी फसते. गोलकीपर असलेल्या मुलाला मागे उभा करून उंच चेंडू झेलायला लावा. तुमचा कर्नी बहुधा तोच.

टॅकल

आठ-दहा सरावांनंतर, पालकांना सांगून, मऊ जागेवर, तोंडात माउथगार्ड असेल तरच. आधी दोघेही गुडघ्यांवर. टॅकल करणाऱ्याचा गाल धावणाऱ्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला, खांदा मांडीवर, दोन्ही हात घट्ट मिठीत. डोके कधीही धावणाऱ्याच्या पुढे नको. गुडघा कानशिलावर बसतो तो तिथेच. मग टॅकल करणारा गुडघ्यांवर आणि चेंडूवाला चालत, शेवटी दोघे चालत. धावत टॅकल, टॅकलच्या तिसऱ्या-चौथ्या सरावाला. नियमाने खांद्याच्या रेषेखाली चालते, पण तुम्ही आयर्लंडच्या हौशी रग्बीसारखी रेषा छातीच्या हाडाखाली आणा. जोड्या वयावर नको, वजनावर लावा.

डोक्याला मार लागून मूल गोंधळले, डोळे एका जागी ठरेनात, उलटी झाली, चाल डगमगली, तर खेळ तिथेच संपला. पाच मिनिटांनी "बरा आहे सर" म्हणाले तरी त्या दिवशी परत नाही आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाही. आयर्लंडमध्ये हौशी खेळाडूला किमान २१ दिवस बाहेर बसवतात. मान दुखते म्हणाले तर हलवू नका, १०८ला फोन करा.

तारखा आणि सामने

सराव आठवड्यातून दोनदा, सव्वातासाचा, साडेचारनंतर. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाला. गावच्या फुटबॉल क्लबकडून स्पर्धेच्या तारखा आधीच घ्या आणि त्या दिवशी सराव ठेवूच नका. जत्रा, शिगमो या दिवसांत कोणी येणार नाही हे धरून चला. २०२३च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत रग्बी सेव्हन्स (सात-सात गड्यांचा रग्बी) होता, हे पंचायतीला किंवा शाळेला पत्र लिहिताना जरूर घाला.

सिक्स नेशन्सचा एखादा सामना मुलांना एकत्र दाखवा. तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, शाळेच्या मुलांना जमणारी वेळ. सगळा सामना समजावत बसू नका. प्रत्येकाला एक गडी वाटून द्या आणि तो चेंडूच्या मागे किती वेळ होता नि पुढे किती, एवढेच मोजायला सांगा.