दोन कंत्राटांमधले आठ दिवस : बेळगावकडच्या नर्ससाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी नर्स तीन-सहा महिन्यांच्या कंत्राटावर कोल्हापूर, पुणे, गोव्याला जातात. एक काम सुटून दुसरं लागेपर्यंतचे दिवस कागदांमागे धावण्यात जातात आणि वाटेवरची गावं बघायची राहून जातात. ते दिवस हातात राहावेत असं वाटत असेल, तर तयारी जुनं काम चालू असतानाच करा.

सगळ्यात वेळ खातं ते नोंदणीचं काम. कर्नाटक नर्सिंग कौन्सिलची नोंदणी महाराष्ट्रात किंवा गोव्यात आपोआप चालत नाही. तिथल्या कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि मूळ कौन्सिलकडून पडताळणी किंवा ना-हरकत मागवावी लागते. पुढच्या कामाची नुसती बोलणी सुरू झाली तरी अर्ज टाका, दोन महिने हाताशी धरा. गाडी अडते ती बहुतेक वेळा नावावर. कर्नाटकातल्या शाळेच्या दाखल्यावर नुसती आद्याक्षरं असतात, कधी आडनावच नसतं. आधारवर मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण. दहावीचं गुणपत्रक, नोंदणी, आधार, पॅन या चारही ठिकाणचं नाव एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर आधार आणि पॅन गुणपत्रकाप्रमाणे करून घ्या; गुणपत्रक बदलणं फार जिकिरीचं.

शेवटच्या आठवड्यात अनुभवाचा दाखला हातात घेऊनच निघा. त्यावर कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या वॉर्डात (आयसीयू, ओटी, डायलिसिस) हे स्पष्ट हवं. ‘नंतर मेल करतो’ यावर विसंबू नका. पीएफचा यूएएन (कामं बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक) एकच ठेवा. जुन्या ठिकाणी सोडल्याची तारीख भरली नाही तर खातं पुढे सरकत नाही. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख पोर्टलवर स्वतः भरता येते. दर कंत्राटानंतर पैसे मात्र काढू नका. पीएफमधल्या पेन्शनला एकूण १० वर्षांची सेवा लागते, आणि पेन्शनची रक्कम काढली की मागची सेवा हिशेबातून जाते.

आता वाट. पणजीचं काम संपवून कोल्हापूरला रुजू व्हायचं असेल तर थेट रात्रीची बस धरू नका. सावंतवाडीहून आंबोलीला चढा, एक रात्र राहा, मग शिनोळीवरून बेळगावला उतरा. पावसाळ्यात आंबोलीला सोमवार ते गुरुवारच जा. शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग हलत नाही. स्वतःची दुचाकी असेल आणि गोव्याहून चोर्ला घाटातून यायचं असेल तर दुपारी चारच्या आत घाट ओलांडा, संध्याकाळी धुक्यात वळणच दिसत नाही.

घरी तीन दिवस काढा. त्यातला एक खानापूर-नंदगड-हलशीला द्या. खानापुरातून वडाप (माणसं भरून जाणारी खासगी गाडी) मिळतं, पण परतीची शेवटची गाडी किती वाजता हे उतरतानाच ड्रायव्हरला विचारा. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गर्भगृहांत देव आहेत, सकाळी जा म्हणजे गर्दीशिवाय बघता येतं. गोकाकचा धबधबा जुलै ते ऑक्टोबरमध्येच बघण्यासारखा, उन्हाळ्यात नुसता खडक.

तिकिटाचं एक लक्षात ठेवा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये शक्ती योजनेत बायकांना मोफत प्रवास आहे, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. म्हणून तीन महिन्यांसाठी आधारचा पत्ता बदलू नका. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. सीमावादावरून वातावरण तापलं, विशेषतः १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास, की दोन्हीकडच्या बस निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे थांबतात. त्या दिवसांत रुजू व्हायचं असेल तर मिरजेपर्यंत रेल्वेचं तिकीट आधीच काढा आणि तिथून कोल्हापूर गाठा.

नव्या गावी एक दिवस आधी पोचा. खोलीचा अॅडव्हान्स देण्यापूर्वी खोलीपासून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता रात्रपाळीच्या वेळेला, साडेआठच्या सुमारास, एकदा चालून बघा : दिवे आहेत का, कुत्री किती, आणि पहाटे परत यायला रिक्षा मिळते का.