मुलाला कोणी चिडवत असेल तर ‘लक्ष देऊ नको’च्या पुढे काय करायचं?

आमच्या मुलाला सहाव्या वर्षी चष्मा लागला. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा हवाच. या वयात टाळाटाळ केली, तर मेंदू कमी दिसणाऱ्या डोळ्याकडून काम घेणं सोडत जातो, डोळा ‘आळशी’ होतो आणि मोठेपणी ते भरून काढणं अवघड जातं. पंधरा दिवसांनी तो चष्मा मला डब्याच्या पिशवीत सापडला, नॅपकिनच्या घडीत गुंडाळलेला, काचेला भाजीचं तेल. शाळेच्या व्हॅनमध्ये पोरांनी त्याचं नाव ‘ढापण्या’ पाडलं होतं.

मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, “कोणी चिडवलं तर लक्ष देऊ नकोस.” त्याने माझं ऐकलं. त्याला सुचलेला मार्ग एकच होता, चष्माच काढून ठेवायचा. तेव्हा कळलं, की लहान मुलाला नेमकं काय करायचं, कोणते शब्द बोलायचे आणि मग कुठे जायचं हे दाखवावं लागतं.

आधी काय झालं ते काढून घ्या, मग बोला

“आज कोणी चिडवलं का?” असं समोर बसवून विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं. स्टेशनवरून भाजी घेऊन येताना किंवा रात्री दिवा मालवल्यावर विचारा, “व्हॅनमध्ये आज तुझ्या शेजारी कोण होतं? सगळ्यात मजा कुणाला आली?” सोमवारी सकाळी पोट दुखणं, खाली खेळायला जायचं टाळणं, डबा तसाच परत येणं, यांकडे लक्ष ठेवा. मूल सांगू लागलं की मध्ये तोंड घालू नका. “तूच काहीतरी केलं असशील” हे वाक्य तर गिळूनच टाका. “ऐकून मला वाईट वाटलं, सांगितलंस ते बरं केलंस,” एवढंच पुरे.

मस्करी आणि त्रास यांतला फरक त्याच्याकडूनच समजून घ्या. दोघंही हसतात का? ‘बस’ म्हटल्यावर थांबतात का? उद्या पाळी बदलते, की राज्य रोज याच्यावरच?

वाक्य शिकवा आणि घोटून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उलट शिवी नको, लांबलचक उत्तरही नको. आम्ही दोन वाक्यं ठरवली: “हो, चष्मा आहे माझा” आणि “असं म्हणू नकोस, मला आवडत नाही.” पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “आई, तिकडे सगळे हिंदीत बोलतात.” बरोबरच होतं. मुंबईत घरी मराठी, वर्गात इंग्रजी आणि व्हॅनमध्ये हिंदी. मग वाक्य झालं, “हाँ, चश्मा है. तो?”

आठवडाभर रोज जेवणाआधी पाच मिनिटं सराव. सोफा म्हणजे व्हॅन. मी चिडवणारी, तो तो. सुरुवातीला आवाज घशातच अडकायचा, नजर फरशीवर. मी सांगितलं, डोळ्यांत बघवत नसेल तर समोरच्याच्या भुवयांकडे बघ. पाय टेकवून बस, एकदाच बोल, मग मान खिडकीकडे वळव. नंतर अदलाबदल केली, तो चिडवणारा आणि मी रडवेली. तेव्हा तो खदखदून हसला आणि मग आपणहून म्हणाला, “तू रडलीस की मला अजून चिडवावंसं वाटतं.” मी हे दहा वेळा समजावलं असतं तरी त्याच्या डोक्यात शिरलं नसतं.

बोलून झाल्यावर कुणाकडे जायचं तेही ठरवा. व्हॅनमध्ये चौथीतल्या एका ताईशेजारी बसायचं, असं आम्ही तिच्या आईशी आणि व्हॅनवाल्या काकांशी बोलून ठरवलं. वर्गातल्या एका मित्राला शनिवारी घरी जेवायला बोलावलं. एक जरी हक्काचा सोबती असला, तरी पोरगं एकटं सापडत नाही.

मोठ्यांनी कुठे शिरायचं

चिडवणाऱ्या मुलाला गाठून दम देऊ नका. सोसायटीच्या किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन लिहू नका. तारीख, जागा, नेमके शब्द वहीत टिपा आणि वर्गशिक्षिकेला वेळ मागून भेटा. “त्याला शिक्षा करा” म्हणण्यापेक्षा “जागा बदलता येईल का, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवाल का” असं विचारा. शाळेत तक्रारपेटी असते, पण पहिलीतलं मूल तक्रार काय लिहिणार? दखल घेतली जात नसेल, तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

मुलाला हेही सांगा, की मदत मागणं म्हणजे चुगली नव्हे.

घरातही बघा. आमच्याकडे पाहुणे त्याला लाडाने ‘चश्मिश’ म्हणायचे. मी सगळ्यांना, वडीलधाऱ्यांनाही, स्पष्ट सांगितलं, की नावानेच हाक मारा. एकदोघांना राग आला. येऊ दे.

थांबू नये अशी वेळ

मारहाण, डबा किंवा पैसे हिसकावणं, अंगाला नको तसा हात लावणं, यांतलं काही असेल तर सरावाची वाट बघू नका, त्याच दिवशी शाळेत जा. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, झोपेत दचकू लागलं, आठवडे उलटूनही शाळेचं नाव काढलं की थरथरू लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. घरून आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक 14416 आहे. जाताना ती वही सोबत न्या. कधीपासून आणि किती वेळा, हे डॉक्टर आधी विचारतात.