शटर उघडण्याआधीचा पाऊण तास

बेळगावात खडेबाजार किंवा गणपत गल्लीत दुकान असेल, तर सकाळी पाऊण तास शटर अर्धं ठेवूनच बसा. खानापूर-निपाणीकडचं गिऱ्हाईक पोचलं, की मान वर करायला सवड मिळत नाही. याच वेळेत कालची उधारी वहीत चढवा, संपत आलेल्या मालाची यादी करा. होलसेलवाल्यांना फोन मात्र दुपारी, गर्दी विरळ असताना, एकदमच करा. दिवसभर सुटे सुटे फोन केले की दर वेळी हिशेब तुटतो आणि उधारी लिहायची राहते ती तिथंच. माझे बरेच पैसे असेच बुडाले. दरमहा जीएसटी विवरण भरणाऱ्यांनी बिलं रोजच्या रोज फाईलला लावावीत. जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या विवरणाची, मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला संपते; जीएसटीआर-३बीची, म्हणजे ज्यासोबत कर भरायचा त्या गोषवारा विवरणाची, २० तारखेला.