बीडीएसची ॲडमिशन आणि डोमिसाईल: अकरावीला नाव घालायच्या आधी हे वाचा

माझ्या चुलत बहिणीच्या मुलाला नीटला चांगले मार्क पडले होते, गव्हर्नमेंट डेंटलला बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या डिग्रीला, नंबर लागणार असं सगळे धरून चाललेले, नातेवाइकांचे फोनपण येऊन गेलेले, आणि मग सीईटी सेलचा, म्हणजे राज्यातल्या ॲडमिशन करणाऱ्या कक्षाचा, फॉर्म भरायला बसल्यावर कळलं की हा स्टेट कोट्यात, म्हणजे राज्यातल्या मुलांसाठीच्या जागांत, बसतच नाही. जन्म सातारचा, दहावी सातारची, आजोबा-पणजोबा तिथलेच, डोमिसाईल सर्टिफिकेट, म्हणजे अधिवासाचा दाखला, फाईलमध्ये लावून तयार. फक्त बारावी राजस्थानातली. कोचिंगसाठी तिकडे गेला तेव्हा क्लासवाल्यांनीच जवळच्या एका शाळेत अकरावीला नाव घालून दिलं, आणि घरात एकालाही माहीत नव्हतं की त्याच दिवशी महाराष्ट्रातल्या ८५ टक्के जागांवरचा त्याचा हक्क गेला. त्या घरात त्या आठवड्यात जे रडणं झालं ते मी बघितलंय, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांनी तर नक्की वाचा.

आधी जागा कशा वाटल्या जातात ते समजून घ्या, कारण तिथेच निम्मा घोळ होतो. बीडीएसला देशात कुठेही जायचं तरी नीट यूजी लागतेच, पण मार्क एकच असले तरी रांगा वेगवेगळ्या असतात. समजा एका गव्हर्नमेंट डेंटल कॉलेजमध्ये १०० जागा आहेत, तर त्यातल्या १५ ऑल इंडिया कोट्यात जातात, त्यांचं काउन्सेलिंग दिल्लीची एमसीसी, म्हणजे मेडिकल काउन्सेलिंग कमिटी, करते आणि तिथे तुम्ही कुठले हे कुणी विचारत नाही, केरळचा मुलगाही मुंबईची जागा घेऊ शकतो आणि आपला मुलगाही तिकडची. उरलेल्या ८५ राज्याच्या, त्या आपली सीईटी सेल भरते आणि त्या फक्त महाराष्ट्राच्या अटींत बसणाऱ्या मुलांना मिळतात. आता नीटला २० लाखांच्या वर मुलं बसतात, ऑल इंडियात त्या सगळ्यांशी स्पर्धा, आणि स्टेटमध्ये फक्त आपल्या राज्याच्या मेरिट लिस्टमधला नंबर बघायचा, ज्याला सगळे एसएमएल (स्टेट मेरिट लिस्ट) नंबर म्हणतात. आपल्याकडे मुंबईचं गव्हर्नमेंट डेंटल, महापालिकेचं नायर डेंटल, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, अशी सरकारी कॉलेजं हाताच्या बोटावर मोजण्याइतकीच आहेत, म्हणजे ज्याचा ८५ चा रस्ता गेला त्याला सरकारी जागेसाठी फक्त ऑल इंडिया उरतो. अजून एक, पूर्वी ऑल इंडियाच्या उरलेल्या जागा राज्याकडे परत यायच्या आणि लोक त्या आशेवर बसायचे, २०२१ पासून तसं होत नाही, एमसीसीच पुढचे राऊंड घेऊन भरते.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे लोक म्हणतात "डोमिसाईल काढलं की झालं". नाही होत. महाराष्ट्रात स्टेट कोट्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: डोमिसाईल, महाराष्ट्रातल्या शाळेतून दहावी, आणि महाराष्ट्रातल्या शाळा किंवा ज्युनिअर कॉलेजमधून बारावी. बोर्ड कुठलं याने फरक पडत नाही, सीबीएसई असो, आयसीएसई असो की स्टेट बोर्ड, फक्त शाळा महाराष्ट्रात पाहिजे. सीबीएसई म्हणजे सेंट्रल बोर्ड, मग कुठूनही दिली तरी चालेल, असं मी चांगल्या शिकलेल्या पालकांकडून ऐकलंय आणि ते साफ चूक आहे.

यात काही सवलती आहेत. केंद्र सरकारच्या किंवा राज्य सरकारच्या नोकरीतल्या पालकांची बदली झाली म्हणून मुलाची शाळा बदलली असेल तर त्यासाठी वेगळी कलमं आहेत. सैन्यातल्या लोकांच्या मुलांसाठी डी-१, डी-२, डी-३ असे प्रकार आहेत, त्यातला डी-३ तर महाराष्ट्राचं डोमिसाईल नसलेल्या पण इथे बदलून आलेल्या जवान-अधिकाऱ्यांच्या मुलांसाठीच आहे. बेळगाव-निपाणीकडच्या ८६५ सीमाभागातल्या गावांमधल्या मराठी मुलांसाठीही थोड्या जागा राखून ठेवतात. पण प्रायव्हेट नोकरीतली बदली यात धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. बाबा कंपनीतर्फे बंगळूरला गेले आणि मुलाची दहावी तिकडे झाली तर ती सवलत नाही. तुम्ही कुठल्या सवलतीत बसता असं वाटत असेल तर त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून ते कलम स्वतः शब्दन् शब्द वाचा, कुठल्या तारखेच्या आत बदली झालेली पाहिजे आणि कुठल्या नमुन्यात ऑफिसचं पत्र पाहिजे हे तिथेच लिहिलेलं असतं, शेजाऱ्याच्या मुलाचं झालं म्हणून आपलंही होईल असं धरू नका.

एक दिलासा आहे तो पण सांगते. पूर्वी राज्याच्या आतसुद्धा ७०:३० होतं, म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा विभागांप्रमाणे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. ते सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने काढून टाकलं. त्यामुळे आता पुण्याची मुलगी लातूरला जाऊन बारावी करो की नांदेडला, तिचं काही बिघडत नाही. क्लाससाठी बाहेरगावी पाठवायचंच असेल तर माझं स्पष्ट मत, राज्यातल्या राज्यात पाठवा. लातूर आहे, नांदेड आहे, पुणे-मुंबई आहे, शिकवणाऱ्यांची कमी नाही.

आता कागद. सेतूमध्ये किंवा आपले सरकार पोर्टलवर ज्याला "वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र" म्हणतात ते म्हणजे डोमिसाईल. तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला वेगळा, तो अर्जाला पुरावा म्हणून जोडतात पण ॲडमिशनला तो डोमिसाईल म्हणून चालत नाही, ही गफलत खूप जण करतात. डोमिसाईलसाठी महाराष्ट्रात साधारण १५ वर्षं राहिल्याचा पुरावा दाखवावा लागतो, म्हणून जन्माचा दाखला, शाळेचा बोनाफाईड किंवा एलसी, आईवडिलांचे जुने पुरावे, रेशनकार्ड, लाईटबिल, प्रतिज्ञापत्र असं सगळं एकदम गोळा करून न्या. मूल अठराच्या आत असेल तर अर्ज पालक करतात पण दाखला मुलाच्या नावाचा निघाला पाहिजे, वडिलांचा स्वतःचा जुना डोमिसाईल घेऊन गेलं आणि परत यावं लागलं असे कितीतरी जण असतात.

आणि स्पेलिंग! दहावीच्या मार्कशीटवर जसं नाव आहे तसंच्या तसं दाखल्यावर आलं पाहिजे. माझ्या लेकीच्या दाखल्यावर सेतूमधल्या मुलाने वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकवलं, मी काउंटरवर नीट वाचलं नाही, आणि ते दुरुस्त करायला जूनमध्ये परत रांगेत उभं राहावं लागलं, तेव्हा बाहेर पन्नास माणसं. दहावीचा रिझल्ट लागल्या लागल्या काढून ठेवा. नीट मे महिन्यात होते, रिझल्ट साधारण जूनमध्ये, आणि त्याच दिवसांत सगळा महाराष्ट्र डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर आणि इडब्ल्यूएसच्या दाखल्यांसाठी तहसीलला आलेला असतो.

कॅटेगरीवाल्यांसाठी इथे अजून एक पदर आहे. राज्याचं आरक्षण फक्त महाराष्ट्रातल्या मुलांना मिळतं, म्हणजे जी मुलं वरच्या तीन अटींतून बाहेर पडली ती राज्याच्या आरक्षणातूनही बाहेर पडली. ऑल इंडियात आरक्षण आहे, एससी १५, एसटी साडेसात, ओबीसी २७ आणि इडब्ल्यूएस १० टक्के, पण तिथे केंद्राची यादी आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला चालतो. आपल्याकडचं व्हीजे-एनटी (विमुक्त-भटक्या जमाती) तिथे वेगळं नाही, केंद्राच्या ओबीसी यादीत जात असेल तर ओबीसी म्हणून. आणि एसईबीसी, म्हणजे मराठा समाजासाठीचं राज्याचं आरक्षण, तिथे नाहीच. म्हणजे एकाच मुलाची इकडे एक कॅटेगरी आणि तिकडे दुसरी असू शकते, दोन वेगळे दाखले लागतात, दोन्ही आधीच काढा.

प्रायव्हेट कॉलेजचं गणित वेगळं आहे आणि इथे मी थोडं वेगळं बोलते. प्रायव्हेट बीडीएसच्या जागा दरवर्षी शेवटच्या राऊंडनंतरही बऱ्याच रिकाम्या राहतात. त्यामुळे तिथे डोमिसाईल नसल्याने सीटच मिळाली नाही असं क्वचित होतं, फरक पडतो तो पैशात. आपल्याकडच्या विनाअनुदानित कॉलेजात ८५ टक्के जागा स्टेटच्या, त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली, आणि १५ टक्के इन्स्टिट्यूट कोटा, ज्यात बाहेरच्या राज्यातले, म्हणजे ओएमएसवाले आणि एनआरआय येतात आणि फी काही पटीने जास्त. शिवाय शिष्यवृत्त्या. राजर्षी शाहू महाराज योजना घ्या नाहीतर २०२४ मध्ये सुरू झालेली मुलींची फीमाफी घ्या, ज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींची पूर्ण शिक्षण फी सरकार भरतं, या सगळ्याला महाराष्ट्राचा रहिवास आणि सेंट्रलाईज्ड राऊंडमधून झालेली ॲडमिशन लागते. बीडीएस इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं आहे, पाच वर्षांच्या फीचा हिशोब कागदावर मांडून बघा म्हणजे त्या एका बारावीच्या शाळेची किंमत कळेल.

डीम्डला, म्हणजे अभिमत विद्यापीठांना, डोमिसाईल लागत नाही. पुण्याचं भारती विद्यापीठ, डी. वाय. पाटील, कराडचं कृष्णा, वर्ध्याचं शरद पवार डेंटल, लोणीचं प्रवरा, ही महाराष्ट्रात असली तरी त्यांच्या जागा एमसीसीतून भरतात आणि देशभरातली मुलं येतात. फी जास्त असते, आणि एमसीसीत डीम्डसाठी रजिस्टर करताना गेली काही वर्षं पाच हजार फी अधिक दोन लाख डिपॉझिट भरावं लागतंय, म्हणून "बघू तरी" म्हणून टिक करू नका, खरंच घ्यायची असेल तरच.

दुसऱ्या राज्यात सोपं जाईल असं काही जणांना वाटतं. प्रत्येक राज्याने आपापलं कुंपण घातलंय. कर्नाटकात सरकारी कोट्यासाठी पहिली ते बारावीमधली किमान सात वर्षं तिथे शिकलेलं लागतं, तमिळनाडूत मूळच्या तिथल्या नसलेल्या मुलाची सहावी ते बारावी तिथलीच लागते. दिल्लीत तर उलटं, मौलाना आझाद डेंटलच्या ८५ टक्के जागांना तुमचं घर कुठे हे बघत नाहीत, अकरावी-बारावी दिल्लीतल्या शाळेतून झाली का एवढंच बघतात. त्यामुळे दोन वर्षं राजस्थानात शिकलं म्हणून राजस्थानचा कोटा आपोआप मिळेल असं अजिबात धरू नका. मूल इकडचंही राहत नाही आणि तिकडचंही होत नाही, बहिणीच्या मुलाचं नेमकं हेच झालं. आणि कुणी एजंट दुसऱ्या राज्याचा दाखला काढून देतो म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, दोन राज्यांचं डोमिसाईल दाखवणारी मुलं पकडली जातात आणि झालेली ॲडमिशन रद्द होते.

पुढे एमडीएसचा, म्हणजे बीडीएसनंतरच्या पीजीचा, विचार आत्तापासून करणाऱ्यांसाठी एक ओळ. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीजी मेडिकलला रहिवासावर आधारित आरक्षण घटनेत बसत नाही असा निकाल दिला. बातमी वाचून खूप जणांना वाटलं की डोमिसाईलच संपलं, मला स्वतःला चार फोन आले. यूजीला तो निकाल लागू नाही, एमबीबीएस-बीडीएसचा स्टेट कोटा आहे तसाच आहे.

ज्यांची बारावी बाहेर होऊन गेलीय त्यांनी खचू नका, पण उशीरही करू नका. एमसीसीत पहिल्याच राऊंडला रजिस्टर करा आणि यादी लांबलचक भरा, फक्त मुंबई-नागपूर नाही, देशातली सगळी सरकारी डेंटल कॉलेजं, कारण बीडीएसच्या जागा नंतरच्या राऊंडला बऱ्याच हलतात, ज्यांना एमबीबीएस मिळतं ते सोडून जातात. मागच्या वर्षीच्या प्रत्येक राऊंडच्या अलॉटमेंट याद्या एमसीसीच्या साईटवर असतात, त्यात आपल्या कॅटेगरीचा शेवटचा रँक कुठल्या राऊंडला कुठपर्यंत गेला ते वहीत लिहून काढा, एक संध्याकाळ लागते. सोबत सीईटी सेलचाही फॉर्म भरून ठेवा, इन्स्टिट्यूट कोट्यासाठी तो लागतोच. बहिणीच्या मुलाला शेवटी तिसऱ्या राऊंडला ऑल इंडियातून दुसऱ्या राज्यात सरकारी जागा मिळाली, घरापासून दीड दिवसाच्या प्रवासावर. धाकटीचं नाव मात्र त्यांनी साताऱ्यातच घातलं.

आणि क्लासवाल्यांशी बोलताना फी, हॉस्टेल, रिझल्ट सगळं विचारा, पण त्याच्याही आधी हे विचारा की बारावीच्या मार्कशीटवर कुठल्या शाळेचं नाव येणार आणि ती शाळा कुठल्या जिल्ह्यात आहे. उत्तर तोंडी नको, शाळेचं नाव आणि पत्ता कागदावर लिहून घ्या, आणि मगच पहिला हप्ता भरा.