सरपटणारे प्राणी पाळताय? कौन्सिलच्या नियमांबाबत या चुका टाळा

साप, गेको (पालीसारखा छोटा प्राणी), कासव पाळणारी मंडळी मला सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात तर "हा प्राणी लीगल आहे का?" आणि मला दर वेळी वाटतं की अरे, अर्धाच प्रश्न विचारलास. पूर्ण प्रश्न असा हवा की हा प्राणी, पूर्ण वाढल्यावर, माझ्या या पत्त्यावर, घरातल्या बाकीच्या प्राण्यांसकट, किती ठेवता येतील. यातला एकेक शब्द गाळला की एकेक चूक होते आणि ती शेवटी त्या टँकमधल्या मुक्या जिवाला भोगावी लागते, म्हणून एवढं लिहायला बसले.

वरचं लायसन्स मिळालं म्हणजे झालं, असं समजणं

रेप्टाइलचे, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांचे नियम थरावर थर असतात. देशाचा कायदा, राज्याचा कायदा, मग शहराचे नाहीतर कौन्सिलचे (म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेचे) नियम, आणि घर भाड्याचं असेल तर वर घरमालकाचा करार. वरच्याने हो म्हटलं म्हणजे खालचाही हो म्हणेल असं अजिबात नाही. न्यूयॉर्कचंच बघा, राज्यात बॉल पायथन (छोट्या जातीचा अजगर) पाळता येतो पण न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत हेल्थ कोडमुळे तो चालत नाही, इग्वाना (मोठ्या जातीचा सरडा) सुद्धा चालत नाही, म्हणजे हद्दीबाहेर राहणारा मित्र जे उघडपणे पाळतो तेच तुम्ही हद्दीच्या आत आणलंत की नियम मोडला. ऑस्ट्रेलियात तिथल्या देशी सरपटणाऱ्या प्राण्यांना राज्याचं लायसन्स लागतं, कॉर्न स्नेकसारखे बाहेरचे साप तर खाजगी माणसाला पाळताच येत नाहीत, आणि ते राज्याचं लायसन्स हातात असलं तरी कौन्सिलचे नियम वेगळे बघावे लागतात. ब्रिटनमध्ये उलटं, तिथे १९७६ च्या धोकादायक वन्य प्राण्यांच्या कायद्याखाली लायसन्स देतं तेच मुळी स्थानिक कौन्सिल, व्हेट येऊन जागा बघून जातो, इन्शुरन्स दाखवावा लागतो. इथे लोक हमखास फसतात कारण या कायद्याच्या यादीत नाग आहेत, घोणसीच्या कुळातले साप आहेत, मगरी आहेत, पण पाच मीटरपर्यंत वाढणारा बर्मीज पायथन नाही! तेव्हा "एवढा मोठा आहे म्हणजे लागतच असेल" किंवा "एवढुसा तर आहे, याला काय लागणार" असले अंदाज नकोत, यादी उघडायची आणि शास्त्रीय नावाने शोधायचं, कारण दुकानातलं नाव दर दुकानात वेगळं असतं.

भारतात तर गाडी त्याच्याही आधी अडते. धामण, अजगर, स्टार कासव हे घरी ठेवताच येत नाहीत, आणि सायटीस करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) असलेले परदेशी प्राणी २०२२ च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. "सगळेच ठेवतात" हे उत्तर कुठल्याच ऑफिसात चालत नाही.

मोजणीत गफलत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि माझाही इथेच झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नियमात लिहिलेलं असतं "चार प्राणी". चार म्हणजे कोणाचे चार? काही ठिकाणी माणशी मोजतात, काही ठिकाणी पत्त्यामागे, म्हणजे नवऱ्याचे दोन आणि बायकोचे तीन असले की पाच झाले आणि तुम्ही दोघंही आपापल्या हिशोबाने बरोबर असलात तरी घर चुकलेलं असतं. काही ठिकाणी कुत्रा-मांजर धरून मोजतात, काही ठिकाणी विषारी, मोठे आणि साधे असे गट करतात. मित्र पंधरा दिवस गावाला गेला म्हणून त्याचा साप तुमच्याकडे ठेवलात तर तोही बहुतेक ठिकाणी तुमच्याच खात्यात, कारण इन्स्पेक्टर मालकी बघत नाही, टँकमध्ये काय आहे ते बघतो.

आणि मग पिल्लं. माझ्याकडे तीन लेपर्ड गेको होते, मर्यादा चारची. ओळखीतल्या एकीला घर सोडावं लागलं म्हणून तिची मोठी मादी मी आणली, म्हटलं चार झाले, बरोब्बर बसतंय. वेगळ्या टँकमध्ये एकटी ठेवली, नराचं तोंडही तिला दिसलं नाही. दीड महिन्याने ओलं मॉस (शेवाळ) ठेवलेल्या डब्यात हात घातला तर बोटाला दोन मऊ, चामड्यासारखी, पांढरी अंडी लागली. गेकोच्या माद्या नराचं वीर्य शरीरात कितीतरी महिने साठवून ठेवू शकतात आणि एका खेपेला साधारण दोन अंडी देतात, एका सीझनमध्ये अशा कितीतरी खेपा होतात, हे मला वाचून माहीत होतं पण आपल्याच घरात होईल असं काही डोक्यात आलं नव्हतं. अंड्यांवर पेन्सिलने खूण केली म्हणजे उलटी होणार नाहीत, काही दिवसांनी अंधारात मोबाइलचा टॉर्च खालून धरला तर आत गुलाबी उजेड आणि केसासारख्या लाल रक्तवाहिन्या. बघितल्यावर मला ती टाकून देववेनात. दोन्ही फुटली, चाराचे सहा झाले, आणि पुढच्या तपासणीला कौन्सिलचा माणूस मोजून गेला. चौदा दिवसांची नोटीस आली.

म्हणून सांगते, मोठी मादी आणलीत तर ती एकटीच होती का, याआधी नराबरोबर होती का हे विचारा, आणि पिल्लं कितव्या दिवसापासून मोजणीत धरतात हे कौन्सिलला आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी ठरावीक वयापर्यंत सूट असते, काही ठिकाणी अंड्यातून बाहेर आलं की धरलं. पिल्लं नको असतील तर अंडी घातली त्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाकायची असतात, हे वाचायला कठोर वाटेल पण आत रक्तवाहिन्या दिसायला लागल्यावर निर्णय घेणं फार जड जातं, मी अनुभवलंय. आणि पिल्लं विकली तर बऱ्याच ठिकाणी ते पाळणं राहत नाही, ब्रीडिंगचा धंदा होतो, त्याचं परमिटच वेगळं.

पिल्लाची साइज बघून परवानगी काढणं

रेड इअर्ड स्लायडर कासव विकत घेताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं आणि मादी वाढून २५-३० सेंटिमीटरची होते, वीस-तीस वर्षं जगते. अमेरिकेत तर चार इंचापेक्षा छोट्या कवचाची कासवं पाळायला विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेला हा पोटाचा जंतुसंसर्ग व्हायचा. सिंगापूरमध्ये रेप्टाइलपैकी फक्त दोनच पाळता येतात, हे स्लायडर आणि मलायन बॉक्स टर्टल. सुलकाटा कासव तळहातावर मावतं तेव्हा घेतात आणि मग ते चाळीस-पन्नास किलोचं होऊन अंगण उकरायला लागतं. एन्क्लोजर केवढं असावं, लांबी किती झाली की परमिट लागतं हे सगळं मोठ्या प्राण्याच्या मापाने लिहिलेलं असतं, म्हणून फॉर्मवर पूर्ण वाढीचीच लांबी लिहा.

फोनवरच्या "हो चालेल" वर विसंबणं

फोन उचलणारा चांगल्या मनाने सांगतो, पण सहा महिन्यांनी तो तिथे नसतो. मेल करा. मेलमध्ये पत्ता, घर स्वतःचं की भाड्याचं, प्राण्याचं शास्त्रीय नाव, संख्या, पूर्ण वाढीची लांबी, आणि सरळ प्रश्न की कुठला नियम लागू होतो, त्याचा नंबर द्या. उत्तर आलं की प्रिंट काढून परमिटच्या फाइलला लावा. घर बदललं की ही फाइल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू, कारण परमिट बहुतेक वेळा पत्त्याला बांधलेलं असतं, रस्ता ओलांडला की कौन्सिल बदललं असंही होतं.

झाकणाची क्लिप

तक्रारी कशा जातात माहितीये का, साप बाहेर सापडला की. सापाला नाक घुसेल एवढी फट मिळाली की तो ती रात्रभर ढकलत बसतो, झाकणावर पुस्तकं ठेवून काही होत नाही, दोन्ही बाजूंना लॉक होणाऱ्या क्लिप लावा. खायला घालायला घरी उंदीर वाढवत असाल तर तेही काही ठिकाणी वेगळे मोजतात, आणि शेजाऱ्याला वास येतो तो बहुतेक त्यांचाच असतो.

नोटीस आलीच तर

पहिली चूक म्हणजे घाबरून प्राणी दुसऱ्याच्या घरी लपवणं, त्याने साधी मोजणीची चूक खोटेपणात बदलते. दुसरी, आणि ही कधीच करू नका, कृपा करून करू नका, ती म्हणजे बाहेर सोडून देणं. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये बर्मीज पायथन असेच पसरले, सुटलेले आणि सोडलेले, आणि तिथली छोटी जनावरं संपत आली. स्लायडर तळ्यात सोडून सोडून इतके झाले की २०१६ मध्ये युरोपियन युनियनने त्यांना घातक परकी जातींच्या यादीत टाकलं. आणि जे थंडीने किंवा उपाशी मरतात त्यांचं तर कोणाला कळतही नाही.

नोटिशीवरची तारीख बघा, नियमाचा नंबर बघा, मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. जास्तीच्या संख्येसाठी विशेष परवानगीचा अर्ज असतो का विचारा, व्हेटचं पत्र आणि एन्क्लोजरचे फोटो जोडा, मुदत वाढवून मागा, प्राणी कुठे जाणार हे ठरवून कळवलं तर बरेचदा मिळते. काही ठिकाणी स्वतःहून आणून दिलं तर कारवाई होत नाही, हवाईत साप ठेवला तर दोन लाख डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण आपणहून सोपवला तर माफी मिळते.

मी अर्ज केला होता, नामंजूर झाला. माझी दोन्ही पिल्लं लायसन्स असलेल्या एका रेस्क्यू संस्थेकडे गेली, देण्याआधी किचनच्या काट्यावर वजन केलं, एक नऊ ग्रॅम आणि एक अकरा, आणि दोघांसाठी वेगवेगळा कागद करून दिला, गरम बाजूला किती तापमान, कुठल्या दिवशी किती किडे खाल्ले, कात शेवटची कधी टाकली, आणि छोटीच्या उजव्या पायाच्या बोटांना कात चिकटून राहते, ती कोमट पाण्याने भिजवूनच काढा, ओढू नका.