मुंबईत बसून ड्राय गेवुर्झट्रामिनर शोधायची असेल तर

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, वास गोड आला म्हणजे वाइन गोड असते असं नाही. गेवुर्झट्रामिनर ही त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, ओतली की लिची आणि गुलाबाचा वास येतो (रोझ ऑक्साइड नावाचं तेच द्रव्य लिचीत पण असतं आणि गुलाबात पण), त्यामुळे नाकाला वाटतं सरबत आहे, पण चांगली ड्राय (म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली) बाटली जिभेवर कोरडीच लागते. मी पहिल्यांदा दादरच्या एका दुकानातून "अशा वासाची लोकल दे" म्हणून घेऊन आले आणि घरी उघडली तर पाकच, लेबलवर लेट हार्वेस्ट (म्हणजे उशिरा तोडलेल्या, जास्त गोड द्राक्षांची) लिहिलेलं होतं ते बघितलंच नव्हतं.

म्हणून लेबल नीट वाचा. लेट हार्वेस्ट, डेमी सेक, सेमी स्वीट असलं काही असेल तर ठेवून द्या. मग अल्कोहोल बघा, हे द्राक्ष साखर भरपूर धरतं, ती सगळी आंबली तर १३-१४ टक्के सहज होतात, पण आकडा ११ च्या आसपास असेल तर बरीचशी साखर बाटलीतच राहिलेली असण्याची शक्यता जास्त. फ्रान्सच्या अल्सासची बाटली असेल तर २०२१ पासूनच्या वाइनवर गोडवा लिहावाच लागतो, तिथे 'सेक' (म्हणजे ड्राय) शोधा, पण आयात ड्युटीमुळे ती महाग पडते.

आता लोकल. खरं सांगायचं तर मुंबईतल्या दुकानात नाशिकच्या लेबलवर हे नाव मला अजून दिसलेलं नाही, आणि त्याला कारण आहे, या द्राक्षात मुळातच आंबटपणा कमी, उन्हात तो अजून घसरतो, आणि आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च, रात्री गार असल्या तरी दुपारी ऊन तापतंच. पण म्हणून अडून बसू नका, व्हियोनिए मागा, हेही पांढऱ्या वाइनचं एक सुवासिक द्राक्ष. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह आणि ग्रोव्हर झम्पाची विजय अमृतराज रिझर्व्ह व्हाइट, दोन्ही व्हियोनिएच्या. गुलाब नाही मिळणार, पण जर्दाळू आणि फुलांचा वास मिळतो आणि तोंडात गोड नाही, माझ्या मते सगळ्यात जवळचं हेच.

सगळ्यात चांगलं म्हणजे स्वतः जा. सकाळी सीएसएमटीवरून तपोवन एक्सप्रेस पकडली की नाशिक रोड, तिथून रिक्षा किंवा कॅब करून गंगापूर धरणाच्या बाजूला, सुला, यॉर्क, सोमा या वायनरी सगळ्या तिकडेच. टेस्टिंगला "ड्राय आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, लिटरमागे साखर किती ग्रॅम उरलीय ते विचारा. ४ पर्यंत असेल तर निर्धास्त घ्या.

दुकानातून घेताना वर्ष ताजं बघा, असल्या वासाच्या वाइन लवकर उतरतात, आणि दाराजवळ उन्हात उभी ठेवलेली बाटली अजिबात घेऊ नका, मुंबईच्या मे महिन्यात तर नाहीच. घरी ८-१० डिग्रीला गार करा, त्याहून गार केलीत तर वासच बसतो. सोबत हिरव्या चटणीचं भरलं पापलेट, मिरची जरा हात राखून, कारण १४ टक्के अल्कोहोलवर तिखट अजून झोंबतं.